लाट यांच्या कमरेएवढी

माझी वहिनी रोज सकाळी भोंग्यावरून समुद्राचा अंदाज सांगते. पाणी कसं आहे, वारा कुठून आहे, भरती कधी लागेल, लाट केवढी आहे, आणि आज कुणी पाण्यात जावं नि कुणी काठावर बसून वाळूचे किल्ले करावेत, हे सगळं त्यात येतं. आमच्या किनाऱ्यावर लोक लाटांवर बोर्ड घेऊन उभं राहायला येतात. पाणी बाराही महिने कोमट असतं. खडक नाहीत, तळाला नुसती वाळू, त्यामुळे पडलं तरी फारसं लागत नाही. म्हणून आमच्याकडे नवशिके जास्त. ते आधी वहिनीचं ऐकतात आणि मग बोर्ड उचलतात.

तिचं बोलणं ठरलेलं असायचं. "पाणी कोमट आहे. वारा जमिनीकडून आहे, ऊन तापेपर्यंत टिकेल. लाट यांच्या कमरेएवढी. नवीन मुलांनी खुशाल यावं. उजवीकडे झेंड्याच्या पलीकडे ओढ आहे, तिकडे शहाणपणा करू नये."

यांच्या म्हणजे माझ्या दादाच्या. वहिनीने लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, ती भोंग्यावरून कुठलं घेतेय. नव्याने आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "यांच्या म्हणजे कुणाच्या?" मग बोर्ड भाड्याने देणारी बाई पाण्याकडे हात करायची. "ते काय. ते उभे आहेत ते."

दादा खरोखरच पाण्यात उभा असायचा. रोज सकाळी, वहिनीने माइक हातात घ्यायच्या आधी, तो शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि पाण्यात चालत जायचा. गुडघ्याच्या जरा खाली पाणी लागेल अशी जागा पायाने चाचपून शोधायचा, वाळूच्या उंचवट्यावर उभा राहायचा आणि लाटा अंगावर घ्यायचा. वहिनी भोंग्याच्या खोलीच्या खिडकीतून बघायची. आलेल्या लाटांतली सगळ्यात मोठी सोडायची, सगळ्यात लहान सोडायची, आणि मधली जिथे दादाला लागली ते सांगायची. घोट्याला, गुडघ्याला, मांडीला, कमरेला, छातीला. खांद्याच्या वर गेली की म्हणायची, "आज बघायला या."

हे माप इतकं रुळलं की सगळा किनारा त्यातच बोलायला लागला. चहाच्या टपरीवर भल्या दांडग्या मिशांची माणसं एकमेकांना सांगायची, "काल संध्याकाळी लाट यांच्या छातीएवढी होती." वहिनीच्या कानावर आलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. "बघा वन्सं, तुमच्या दादांना किती बायका झाल्या."

मी तिच्याहून लहान, पण ती मला कायम वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिला अगंतुगं करते. उलट असायला हवं हे दोघींनाही कळतं, पण सवय पडली ती पडली. माझे यजमान गेल्यावर मी दादाकडेच राहायला आले. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन आहे. बोर्डांच्या खोळी शिवते, पाण्यात घालायच्या चड्ड्या शिवते, फाटलेलं सांधून देते. दिवसभर देवाचं नाव घेत पाय हलवायचे, आणखी काय.

दादा त्या किनाऱ्यावरचा जीवरक्षक होता. धिप्पाड, ताठ, पाण्यातून दोन माणसं दोन बगलांत घालून आणणारा. वहिनी तिथे भोंग्यावर होती. तिचं खरं काम हरवलेल्या पोरांची आणि हरवलेल्या चपलांची घोषणा करणं. चपला जास्त. एक दिवस कुणीतरी खिडकीशी येऊन विचारलं, "बाई, लाट केवढी आहे हो?" दादा पाण्यात होता. वहिनीने बघितलं आणि म्हणाली, "यांच्या कमरेएवढी." त्या दिवसापासून हे सुरू झालं. दादा निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरी तरणी मुलं आली, पण सकाळी पाण्यात उभं राहायचं काम काही त्याने सोडलं नाही. ते काम थोडंच होतं. ते त्या दोघांचं बोलणं होतं. घरात दोघं फार बोलत नाहीत.

वहिनी देवाला मानते, पण समुद्राचं ती देवावर सोडत नाही. खिडकीच्या कडीला एक कापडाची पट्टी बांधलेली असते, मीच शिवून देते. पट्टी समुद्राकडे उडाली की वारा चांगला, लाटेचा चेहरा साफ राहतो. पट्टी आत खोलीकडे आली की पाणी विस्कटणार. वाळू कुठे साचली, कुठे खणली गेली, हे ती फेस कुठे उठतो त्यावरून ओळखते. खडकाळ किनाऱ्याला तळ कायमचा. आमचा तळ वाळूचा, तो आज इथे तर महिन्याने तिथे. "आपला समुद्र म्हणजे भाडेकरू," ती म्हणते. "सामान कधी एका जागी ठेवणार नाही."

तर गेल्या वर्षी असं झालं की लाटा वाढायला लागल्या.

वहिनीच्या अंदाजात वाढायला लागल्या. आधी मांडीएवढ्या असायच्या त्या दिवसांत कमरेएवढ्या. कमरेएवढ्या असायच्या तेव्हा छातीएवढ्या. हल्ली ती भोंग्यावर बोलून झालं की तेच फोनवर बोलून सगळ्यांना पाठवतेही. पोरांच्या आया घरी बसून ऐकायच्या, "लाट यांच्या छातीएवढी, नवीन मुलांनी आज थांबावं," आणि पोरांना झोपू द्यायच्या.

लाटांवर उभं राहायला शिकवणारा एक जण आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात. तरुण आहे, शिकलेला आहे, जिभेवर साखर आहे. एक दिवस तो खिडकीशी आला. मी तेव्हा चहा घेऊन गेले होते.

"वहिनी, राग नका येऊ देऊ."

"म्हणजे रागाचंच काहीतरी आहे."

"तुमची छातीएवढी लाट पाण्यात गेल्यावर कमरेला लागते हो. आज शिकायला दोनच मुलं आली. आणि पाणी बघा की, गाईसारखं गरीब आहे."

वहिनीने पाणी बघितलं. "तुम्ही पुढे जाऊन बघता. मी उंचवट्यावरचं सांगते. वाळू सरकलीय, मास्तर. तिथे तळ खोल झालाय, म्हणून लाट उंच येते."

"फोनवरचा अंदाजही कमरेएवढीच म्हणतो."

"फोन पाण्यात उतरला होता का?"

मास्तर हसला. "फोन नाही उतरत. पण मी उतरतो, वहिनी. मी खोटं सांगेन का तुम्हाला?"

"तुम्ही ताडमाड. तुमच्या मापाने घेतलं तर त्सुनामीसुद्धा गुडघ्याएवढी."

तो तेव्हा गेला. त्याचं चुकत नव्हतं, आणि तो कुचकट बोललाही नव्हता. पण वहिनीचं म्हणणंही पटण्यासारखं होतं, कारण आमच्याकडे वाळू सरकतेच. तिने दादाला उंचवट्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायला सांगितलं. तिथेही छातीएवढी. मग आणखी अलीकडे. तिथेही तसंच. "सगळाच तळ बदललाय," ती मला म्हणाली. आवाज अगदी खात्रीचा होता.

मला खरं कळलं ते माझ्या कामातून. दादाच्या पँटचा कागदी साचा माझ्याकडे आहे. जाड तपकिरी कागद, कडा हाताच्या घामाने काळ्या झालेल्या. त्याच साच्यावरून मी त्याच्या पँटी बेतत आलेय, पोट सुटलं तेव्हा फक्त कमरेला भर घातली. त्या महिन्यात दोन नवीन बेतल्या. साचा तोच, कात्री तीच, हात तोच. दादाने एक घातली आणि दारातून बाहेर पडताना पँटीवर पाय पडून अडखळला.

"लांब झालीय गं जरा," तो म्हणाला. "असू दे, मी दुमडतो."

वाकून त्याने खालून दुमड घातली. सहज, जणू रोज दात घासावेत तशी. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. तो पाण्यावर गेल्यावर मी खुंटीवरच्या त्याच्या जुन्या पँटी काढून बघितल्या. जवळजवळ सगळ्यांना खाली आतल्या बाजूने दुमडीची रेघ. धुऊन धुऊन पक्की बसलेली. सगळ्यांत जुनीला नव्हती, त्याच्या पुढचीला एक बारीकशी, नंतरच्यांना रुंद होत गेलेली. माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत आखूड होत गेला होता आणि मला, शिवणारीला, ते कपडे वाळत घालतानाही दिसलं नव्हतं.

वय झालं की असं होतं, हे काही नवल नाही. पाठीचे मणके बसतात, गुडघे सरळ होत नाहीत. आमचे वडीलही शेवटी एवढेसे झाले होते. पण दादा एवढासा होईल हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि तसं असेल तर लाट वाढली नव्हती. वाळू सरकली नव्हती. माप सरकलं होतं.

दुपारी वहिनी आली तेव्हा मी तिला पँट दाखवली. जास्त काही बोलले नाही. चार बोटं कापड जास्त होतंय, एवढंच म्हणाले.

"माप चुकलं असेल तुमचं."

"साच्यावरून बेतलीय."

"साचा ताणला असेल मग. दमट हवा आहे."

"वहिनी, कागद ताणत नाही. फाटतो."

तिने पँट घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही चड्ड्या शिवा. समुद्राचं मी बघते." इतक्या वर्षांत ती मला असं तोडून कधी बोलली नव्हती. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. ती माझ्याकडे न बघता बोलली होती. माणूस खोटं बोलतो तेव्हा बघून बोलतो. घाबरतो तेव्हा बघत नाही.

घाबरण्यासारखं होतंच. दादा मापाचा राहिला नाही असं एकदा म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, की मग तो पाण्यात का उभा राहतो. आणि तो पाण्यातून बाहेर आला की तिचा अंदाज कशावर उभा राहणार? यांच्या कमरेएवढी नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं? आणि दादा सकाळी उठून कुठे जाणार? दोघांची सकाळच त्या मापावर टांगलेली होती. पण तो तसाच जात राहिला तर एक दिवस पाय सटकणार, हेही मला दिसत होतं. तिला दिसत नसेल असं कसं म्हणू.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चहा घेऊन लवकर गेले. भोंग्याच्या खोलीचं दार बुटकं आहे. वर पत्रा, खाली दगडी पायरी, आणि मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा. दादाने जवानीत त्या चौकटीला इतक्यांदा डोकं आपटून घेतलं होतं की आत शिरताना वर हात लावायची त्याला सवयच झाली होती. त्या दिवशीही त्याने हात वर केला, चौकटीला टेकवला आणि आत आला. हाताखाली डोकं कुठेच नव्हतं. मध्ये चांगली मोकळी जागा होती.

वहिनीने ते बघितलं. चौकटीकडे बघितलं, मग हातातल्या माइककडे. दादा शर्ट काढून पाण्यात गेला. लाट आली. लाट पोचायच्या आधीच तो गुडघे वाकवून, पुढे झुकून, हात पसरून तयार होता. पूर्वी तो नुसता उभा असायचा, लाटच त्याला वळसा घालून जायची. आता तो लाटेला टेकू देत होता. वाकलेल्या माणसाला कमरेएवढी लाट छातीला लागणारच.

"लाट यांच्या छातीएवढी," वहिनी भोंग्यावर म्हणाली, आणि तिने बटण बंद केलं. मी कप तिथेच ठेवून आले. मशीनवर बसले तरी दोरा सुईत जाईना. देवाला म्हटलं, तुला जे करायचं ते कर, पण हिच्या डोळ्यांदेखत करू नकोस.

मग ते दूरच्या वादळाचं आलं. खूप लांब, कुठेतरी भर समुद्रात वादळ झालं होतं. आमच्याकडे ना ढग ना वारा. पण अशा वादळाच्या लाटा नंतर हळूहळू चालत येतात. मास्तरने आदल्या संध्याकाळी फोनवरचे नकाशे आणून वहिनीला दाखवले.

"उद्या येतील. लांब पल्ल्याच्या आहेत. मधल्या वेळात समुद्र झोपल्यासारखा दिसेल आणि मग एकदम चार-पाच येतील. मी वर्ग बंद ठेवलाय."

या वेळी वहिनी वाद घालायला गेली नाही. "मलाही वाटतंय," ती म्हणाली. "आज पाण्याचा आवाज लांबून येतोय." मग जरा थांबून तिने विचारलं, "मास्तर, उद्या तुम्ही इथे असाल ना?"

"असेन की. का हो?"

"काही नाही. इथेच असा."

दुसऱ्या दिवशी समुद्र ताटात पाणी ओतावं तसा. काठावर बारीकशी चुळबूळ, बाकी काही नाही. कापडाची पट्टी समुद्राकडे उडत होती. लोक आले होते, बोर्ड वाळूत रोवून बसले होते, भोंग्याची वाट बघत होते. मी चहा घेऊन गेले ती खोलीतच थांबले.

दादाने शर्ट खुंटीला लावला.

"आज नाही गेलात तरी चालेल," वहिनी म्हणाली. पट्टीकडे बघत.

"मग लाट कशाने मोजशील? तुझ्या वन्संच्या टेपने?"

"लाटच नाहीये."

"नाही तर नाही सांग. पण बघितल्याशिवाय कसं सांगणार?" असं म्हणून तो गेला. रोजच्यासारखा पाय चाचपत चाचपत, उंचवट्यावर, गुडघ्याखाली पाणी आलं तिथे थांबला आणि वळून उभा राहिला.

वहिनीने बटण दाबलं. भोंगा खरखरला. "पाणी कोमट आहे," ती म्हणाली. "वारा जमिनीकडून आहे. भरती दुपारी लागेल. लाट…"

ती थांबली. भोंगा चालूच होता, नुसती खरखर किनाराभर पसरत होती.

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. रोज दादाच्या आजूबाजूला पाणी उसळत असतं, फेस असतो, मध्येच तो लपतो, मध्येच दिसतो. त्या दिवशी पाणी सपाट होतं. लपायला काहीच नव्हतं, म्हणून तो पूर्ण दिसला. लाट नव्हती, तरी त्याचे गुडघे वाकलेले होते. लाट नव्हती, तरी पाठ पुढे झुकलेली होती, हात पसरलेले होते. एक म्हातारा माणूस, ज्याला नुसतं उभं राहायलाही तयारी करावी लागते.

"लाट आज मोजलेली नाही," वहिनी म्हणाली. आवाज रोजचाच होता. "आज कुणीही पाण्यात जाऊ नये. समुद्र दिसतोय तसा नाही." मग एक श्वास घेतला. "अहो, बाहेर या."

काठावरच्या सगळ्या लग्न झालेल्या माणसांनी मान वर केली.

दादाने हाताने खूण केली. थांब, एक मिनिट. त्याला वाटलं अजून लाट यायचीय.

"अहो, तुम्हालाच म्हणतेय. यांनी बाहेर यावं. आत्ता. तिथे उभं राहायची गरज नाही."

भोंग्यावरून ती आजवर कितीतरी पोरांना पाण्याबाहेर बोलावत आली. नवऱ्याला पहिल्यांदाच बोलावत होती. दादा क्षणभर तसाच उभा राहिला. मग वळला आणि यायला लागला. वाळूत पाय रुतत होता, काढत होता. मागे, दूरवर, पाण्यावर एक गडद रेघ उठली. तिच्यामागे दुसरी. मास्तरने ती आमच्याआधी बघितली असणार, कारण तो पळत सुटला होता. त्याने दादाला दंडाला धरलं आणि दोघं काठाकडे चालू लागले. पहिली लाट लांब आतच फुटली आणि तिचा फेस त्यांच्या मागून आला. दादाचे पाय सटकले. तो गुडघ्यांवर बसला, मास्तरने त्याला सोडलं नाही. फेस ओसरला तेव्हा दोघं ओल्या वाळूत होते आणि दादा त्याला काहीतरी चिडून सांगत होता. नंतर कळलं, "हात मोडशील, हळू धर," असं म्हणत होता.

त्याच्यामागून दुसऱ्या आल्या. दादा उभा होता ती जागा कुठली, ते पुन्हा दाखवताही आलं नसतं. मी तिथेच हात जोडले. वहिनीने बटण बंद केलं आणि खुर्चीवर बसली.

दादा आला. चौकटीला हात लावून आत आला. मी टॉवेल दिला, तो गुंडाळून स्टुलावर बसला. मग म्हणाला.

"अख्ख्या किनाऱ्यासमोर हाक मारलीस."

"मग काय, चिठ्ठी पाठवायची होती?"

"माझी काय अब्रू राहिली?"

"अब्रू राहिली का नाही माहीत नाही. तुम्ही राहिलात."

तो टॉवेलने डोकं पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला. "मला माहीत होतं गं," तो म्हणाला. "पँट पायात यायला लागली तेव्हाच कळलं. दुमडत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू रोज सांगायचीस. छातीएवढी. एकदा तर खांद्याएवढी म्हणालीस. मला ठाऊक होतं तेवढी नाहीये. मला वाटायचं, माझ्यासाठी वाढवून सांगतेस. की लोकांना वाटावं, हा अजून एवढ्या लाटेत उभा राहतो. बरं वाटायचं ऐकायला."

वहिनीने तोंड खिडकीकडे केलं. "मी काही वाढवून सांगितलं नाही. मला वाटायचं वाळू सरकली."

"खरंच वाटायचं?"

"आधी खरंच वाटायचं," ती म्हणाली. नंतरचं तिने सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

त्या दुपारी मास्तर आला. लाट मोजायला त्याला पाण्यात एक रंगवलेला खांब रोवायचा होता, पट्ट्या-पट्ट्यांचा. वहिनी म्हणाली, खांबाला पाय कुठे सटकतो ते कळत नाही, आणि वाळू त्याला महिन्यात आडवा करेल. ते मात्र खरं होतं. मग असं ठरलं की पाण्यात उतरायचं ते मास्तरने, आणि दादाने खिडकीच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि बघायचं. त्या पाण्यात आपण सरळ उभे असतो तर लाट कुठे लागली असती, हे त्याच्या अंगाला अजून आठवतं. तो तिथून हात स्वतःच्या अंगावर ठेवून दाखवतो, आणि वहिनीला पटत नाही.

"कमरेला."

"मांडीला आहे ती. नीट बघा."

"तू उभी होतीस का मी?"

आता रोज सकाळी त्यांची अशी बाचाबाची चालते. घरात कमी बोलायचे ते इथे भरून काढतात. मग वहिनी बटण दाबते आणि म्हणते, "लाट यांच्या तेव्हाच्या कमरेएवढी." नवा पाहुणा विचारतो, तेव्हाच्या म्हणजे केव्हाच्या? बोर्डवाली बाई म्हणते, "ती मोठी गोष्ट आहे, आधी बोर्ड तर घ्या." पोरांच्या आया परत पोरांना पाठवायला लागल्या आहेत.

त्या लाटा आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या मशीनशी आली होती. हातात दादाच्या त्या दोन नव्या पँटी. माझ्या मांडीवर ठेवल्या. मला वाटलं काही बोलेल, माफी वगैरे. ती तशातली नाही, आणि मला नकोही होती.

"वन्सं, या खालून जरा आत घ्या."

"माप घेऊ का दादाचं?"

"घ्या. मी काही म्हणणार नाही."

मी टेप गळ्यात अडकवली. ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. मी कात्री उचलली होती ती तिने बघितली.

"कापू नका हं ते कापड," ती म्हणाली. "नुसतं आत दुमडून टाके घाला. असू दे आत."

मी कात्री ठेवली. चार बोटं कापड आत घेतलं, आणि बाहेरून दिसणार नाही असे बारीक टाके घातले.